नव्या बुलेटला जुन्या बुलेटचा आवाज: पुंगळी काढू का?

तासगावचा_चाकणात

नमस्कार मंडळी. मूळचा तासगावचा, सध्या चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गेल्या दसऱ्याला रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घेतली. गाडी झकास आहे, तक्रार काहीच नाही. फक्त आवाज. चालू केली की शिलाई मशीन सुरू झाल्यासारखं वाटतं.

जरा मागचं सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. आमचे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. त्यांच्याकडे १९८४ ची बुलेट होती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. दिवसभर उसाच्या नोंदी घेत फिरायचे आणि संध्याकाळी परत यायचे. ओढ्याच्या पुलावर गाडी आली की आम्हाला घरात ऐकू यायची, आणि पूल घरापासून दीड किलोमीटरवर. आई तेव्हाच चहाचं आधण ठेवायची. मी ओट्यावर बसून तो डुग... डुग... डुग मोजायचो. दादांच्या पायजम्याच्या पोटऱ्यांना कायम काजळी लागलेली असायची, आई त्यावरून रोज बोलायची, दादा रोज ऐकून घ्यायचे. २००६ ला ताईच्या लग्नात गाडी विकली. विट्याच्या एका माणसानं नेली, पुढे तिचा पत्ता नाही.

आता दिवाळीला मी नवी गाडी घेऊन घरी गेलो. दादा ओट्यावर पेपर वाचत होते. गाडी दारात येऊन उभी राहिली तरी मान वर नाही. मी हेल्मेट काढलं तेव्हा म्हणाले, "आलास होय? मला वाटलं दूधवाला."

ते डोक्यातून जाईना. म्हणून इकडे चौकशी केली. एक दुकानदार म्हणतो, १,२०० रुपयांत पुंगळी (सायलेन्सरच्या आतली नळी) काढून देतो, अर्ध्या तासाचं काम. दुसरा म्हणतो, कापू नको, ४,५०० चा पंजाब सायलेन्सर बसव, जुना घरी जपून ठेव. माझे प्रश्न:

इंजिनला काही त्रास होतो का? चलान किती आणि खरंच होतं का? आणि दादांच्या गाडीचा आवाज येईल का? (पहिले दोन विचारायचे म्हणून विचारतोय. तिसरा खरा.)

—

बुलेटराजा_९६

भावा एवढा विचार करत बसलास तर म्हातारा होशील. इंदोरी सायलेन्सर बसव, विषय संपव. मी दोन वर्षं वापरतोय. चौकात पोलीस दिसला की क्लच दाबायचा, रेस न देता गाडी आयडलवर सोडायची आणि हळू पुढे काढायची. काय होत नाही. आवाजाशिवाय बुलेट म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

—

गडहिंग्लज_३५०

वरच्या भावाला कदाचित काही झालं नसेल. मला झालं ते सांगतो.

माझी २०१२ ची क्लासिक, कार्बोरेटरवाली. शॉर्ट बॉटल सायलेन्सर बसवला, कुणी सांगितलं म्हणून एअर फिल्टरही मोकळा केला. पहिले आठ दिवस स्वर्ग. मग घाटात गाडी तापायला लागली, अॅक्सिलरेटर सोडला की मागून फाट फाट. लोक वळून बघायचे, मला वाटायचं कौतुकानं बघतात. महिन्यानं प्लग काढला तर खडूसारखा पांढरा. मेस्त्री म्हणाला, हवा जास्त, पेट्रोल कमी, गाडी कोरडी जळतेय, कार्बोरेटरमधला पेट्रोलचा मेन जेट बदलायला पाहिजे होता. जेट बदलला तर मायलेज ३५ वरून २८ वर आलं.

आणि पिकअप वाढतो म्हणतात ना, तो वाढलाय असं फक्त वाटतं. आवाज मोठा झाला की आपल्याला गाडी जोरात पळतेय असा भास होतो. आंबोली घाट मित्राच्या मूळ सायलेन्सरवाल्या गाडीबरोबर चढलो, तो पुढे आणि मी त्याच्या मागे फटाके वाजवत. दीड वर्षानं सगळं काढून मूळचं बसवलं.

तुझी इंजेक्शनवाली आहे, तिचं गणित वेगळं असेल. ते जाणकार सांगतील.

—

पान्हा_कराड

मला मुलीनं हे दाखवलं, टाइपही तीच करतेय. मी सांगतो तसं लिही म्हटलंय, त्यामुळे शुद्धलेखन तिचं आणि शब्द माझे.

कराडात गॅरेज आहे. चौदाव्या वर्षी मामाच्या गॅरेजात पान्हे पुसायला लागलो, त्याला आता एकतीस वर्षं झाली. पुंगळ्या मीही काढल्यात. किती ते मोजलं नाही, पण भंगारवाल्याला एकदा पोतं भरून दिल्याचं आठवतंय. तेव्हा उगाच साधू बनून बोलत नाही.

आधी पुंगळी म्हणजे काय ते समजून घे. सायलेन्सरच्या शेपटाकडून आत एक भोकाभोकांची नळी असते, तिच्याभोवती काचेची लोकर, आम्ही ग्लासवूल म्हणतो. पुढच्या भागात पत्र्याचे पडदे आणि खण. या दोन्हींची कामं वेगळी. खणांमध्ये आवाजाची लाट आपटून मागे फिरते आणि पुढून येणाऱ्या लाटेला भिडून मरते. लोकर वरच्या पट्टीचा आवाज पिते, तो कडकड, चरचर, पत्र्यासारखा. खर्ज ती फारसा पीत नाही. जुन्या कितीतरी सायलेन्सरांत एक बोल्ट काढला की पुंगळी हातात यायची. आता वेल्ड असते, म्हणून मागून कापतात आणि पुन्हा टाका मारतात. अर्ध्या तासाचं काम म्हणतो तो खरं सांगतोय.

आता कापल्यावर काय होतं? खर्जही थोडा वाढतो, नाही असं नाही. पण लोकर जो कर्कश भाग पीत होती तो सगळा मोकळा सुटतो. तुला पाहिजे डुग डुग आणि मिळते फट फट. गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आठ दिवसांनी परत येतं आणि म्हणतं, मेस्त्री, थोडा बेस वाढवता येईल का? बेस वाढवायला तो काय लग्नातला डीजे आहे?

डुग डुग इंजिनातून येतो. तुझं इंजिन आणि दादांचं इंजिन शेजारी ठेवून बघ. दोन्ही एका सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पेटणारे. तुझी गाडी आयडलला हजाराच्या आसपास फिरते, म्हणजे मिनिटाला पाचशे ठोके, सेकंदाला आठ. आठ ठोके मोजता येत नाहीत, त्यांची घरघर वाटते. जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट नीट लावली की साडेसहाशेवर शांत उभी राहायची, सेकंदाला पाच-साडेपाच ठोके. ते मोजता येतात, तू मोजायचास. एवढ्या खाली गाडी बंद का पडत नव्हती? आत जात्याच्या तळीएवढं जड फ्लायव्हील, ते दोन ठोक्यांच्या मध्ये इंजिन ओढून न्यायचं. कॉम्प्रेशन कमी, साडेसहाच्या आसपास. तुझ्या गाडीचं साडेनऊ. जुन्याचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, म्हणजे सिलिंडर अरुंद आणि उंच. तुझा ७२ आणि ८५.८. वर तुझ्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, तो धडधड मारायलाच बसवलाय. जुन्या बुलेटचा निम्मा आवाज कानाला नाही, बुडाला ऐकू यायचा! तो सायलेन्सर कापून कसा येणार?

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. दादांचा आवाज तू गाडीवर बसून ऐकलेला नाहीस. ओट्यावरून ऐकलास, दीड किलोमीटरवरून, उसातून, संध्याकाळी. लांबच्या वाटेत बारीक आवाज हवेत आणि पानांत जिरून जातो, जाड तेवढा पोचतो. त्यात दिवस कलला की जमिनीजवळची हवा आधी गार होते, वरची ऊबदार राहते, आणि आवाज वर निसटून न जाता खाली वाकून लांबवर जातो. म्हणून तर पलीकडच्या गावातलं भजन संध्याकाळी ऐकू येतं आणि दुपारी नाही. तुझ्या डोक्यात जो आवाज बसलाय तो गाळून आलेला आहे. सायलेन्सरच्या मागे हातभर अंतरावर उभा राहून तो कुठल्याच गाडीत सापडायचा नाही, दादांच्या त्याच गाडीतसुद्धा.

आता इंजिनाच्या त्रासाचं. तुझी इंजेक्शनची आहे. इंजिनातून सायलेन्सरकडे येणाऱ्या बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बाहेर पडणारा धूर हुंगून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल कमी कर, जास्त कर. नुसता मागचा सायलेन्सर बदलला आणि बेंड पाइपला हात लावला नाही, तर गाडी बऱ्यापैकी सांभाळून घेते. गडहिंग्लजच्या भावासारखा प्लग लगेच पांढरा होणार नाही. घोटाळा दोन ठिकाणी होतो. एक, जोडावर गॅसकेट नीट बसलं नाही तर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मग ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो, आणि मायलेज कुठे गेलं म्हणून तू माझ्याकडे येतोस. दुसरं, बेंडसकट सगळं बदललं की सेन्सरला जागाच नसते. मग वायर टांगून ठेवतात आणि मीटरमध्ये पिवळं इंजिन पेटून बसतं. एकानं त्या दिव्यावर इन्शुलेशन टेप लावून आणली होती. म्हणाला, मेस्त्री, दिवा बंद केलाय, तेवढं मायलेज बघा.

शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा मुलामा. काही गाड्यांत तो बेंड पाइपमध्ये असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. पोटात असला की पुंगळीबरोबर तोही जातो आणि दुकानदार तो वेगळा विकतो, गिऱ्हाईकाला कळतही नाही. मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जातात ते कशासाठी वाटतं? पत्र्यासाठी नाही, या धातूंच्या धुळीसाठी.

राहिला फटाका. चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून जो धमाका करतात तो म्हणजे न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरात पेटतं. याबद्दल एकच सांगतो: एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळलेलं हेड माझ्या फळीवर ठेवलंय, कधीही येऊन बघ.

मी बंद का केलं तेही सांगतो. २०१५ ला ओगलेवाडीचा एक पोरगा आला, त्याचा मूळ सायलेन्सर कापून दिला. महिन्यात पोलिसांनी पकडला, सायलेन्सर काढून घेतला, म्हणाले मूळचा बसवून दाखव मग गाडी ने. मूळचा कुठून आणणार? मूळचाच तर कापला होता. नवा घ्यावा लागला, निम्मे पैसे माझ्याकडून घेतले, आणि ते बरोबरच होतं. पुढे आम्हा गॅरेजवाल्यांना बोलावून समजही दिली. त्या दिवशी बोर्डावर खडूनं लिहिलं: येथे पुंगळी काढून मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहून गेलं: घालून मिळेल का?

मिळते. ते काम आता जास्त असतं.

—

शिकाऊ_एल_पाटी

माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, कायद्याचं तेवढं सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावर निर्मात्यानं दिलेला जो तपशील आहे, त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. "आमच्या राज्याचा नियम चालतो" हा बचाव त्यात टिकला नाही. सायलेन्सरचा वेगळा नियमही आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२० वा.

दंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि प्रदूषणाचं कलम १९०(२) बरंच कडक झालं. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना जातो. मालकानं स्वतः बेकायदा बदल केला म्हणून १८२अ वेगळं, त्यात प्रत्येक बदलाला ५,०००. रस्त्यावर बहुतेक वेळा तडजोड शुल्क घेऊन सोडतात आणि ते कमी असतं, म्हणून लोकांना वाटतं एवढंच आहे. पण सायलेन्सर जागेवर उतरवून घेतात आणि तो परत मिळत नाही. जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात बघितले असतीलच.

बुलेटराजा, क्लच दाबून हळू जाण्याचं सांगू नका. पुंगळी गेलेली गाडी आयडललाही ओळखू येते, आणि आता वाकून सायलेन्सरचं शेपूट बघतात.

१७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, साडेसात मीटरवरून जाताना मोजलेली. गाडी बाजारात यायच्या आधीच ही चाचणी होते. गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवर, तिथे ही कामं चालतात. म्हणजे तुझ्या गाडीचा सायलेन्सर कंपनीनं हौसेनं शांत केलेला नाही.

—

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते. घर मुख्य रस्त्यावर, समोर कॉलेज. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळा असं नियमात आहे, पण माझी झोप दिवसाची, तिला कुठलाच नियम लागू नाही. साडेअकराला कॉलेजची मधली सुट्टी झाली की चार बुलेट येतात. मला त्या चौघांचे आवाज वेगवेगळे ओळखू येतात. एकाची गाडी गेले आठ दिवस नाही, तर मी झोपेत त्याची वाट बघते. तो आला की मग पुन्हा झोप लागते. काय म्हणावं याला.

एवढंच. तुमच्या वडिलांची गोष्ट आवडली.

—

तासगावचा_चाकणात

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून गप्पच झालो.

मेस्त्री काका, उसातून गाळून आलेला आवाज हे वाचलं आणि रूमवर दोघा-तिघांना वाचून दाखवलं. पण एक शंका आहे. ८० डेसिबलचे ९० झाले तर फरक तो कितीसा? दहाच तर वाढले. आणि कायद्यात बसून थोडा भारदस्त आवाज मिळेल असं काहीच नाही का?

—

पान्हा_कराड

डेसिबलचं गणित बेरजेचं नाही, पटीचं आहे. दहा वाढले म्हणजे ताकद दहापट, कानाला साधारण दुप्पट मोठा. मागे एकदा मी मोबाइलच्या अॅपवर मोजलं होतं, सायलेन्सरपासून हातभर अंतरावर, तीन हजार आरपीएमला. मूळचा ९१, पुंगळी काढलेला १०४. मोबाइलचं माप काही कोर्टात चालणार नाही, पण मोबाइल तोच आणि जागा तीच, त्यामुळे फरक धरायला हरकत नाही. तेरा डेसिबल म्हणजे वीसपट. मूळ सायलेन्सरच्या वीस बुलेट एकदम रस्त्यानं गेल्या तर जेवढं होईल तेवढं एक पोरगा एकटा करतो. मुलगी म्हणते हे गणित तिनं ताळा करून बघितलंय, बरोबर आहे.

आणि हे सगळं मागच्यांना. चालवणारा पुढे बसतो, आवाज मागे फेकला जातो, कानावर हेल्मेट आणि वारा. म्हणून तो म्हणतो, मेस्त्री अजून थोडा वाढवा. त्याला खरंच कमी ऐकू येत असतो.

कायद्यात बसून काय? तुझ्या मॉडेलसाठी कंपनीनं स्वतः मंजुरी घेऊन काही विकायला ठेवलं असेल तर ते घे, त्याचा कागद माग आणि गाडीच्या कागदांबरोबर ठेव. बाहेरच्या सायलेन्सरच्या खोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच, बऱ्याचदा फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर वापरा असंच असतं, आणि दुकानदार नेमकं त्या अक्षरांवर किमतीचं लेबल लावतो. वॉरंटी आणि विम्याचं आधी विचारून घे, क्लेमच्या वेळी सर्व्हेयर पहिलं बघतो ते गाडीत काय बदललंय.

खरा जुना आवाज पाहिजे तर जुनी गाडी घे, दुसरा रस्ता नाही. पण कागद बघून. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण झालेलं पाहिजे, पुढे दर पाच वर्षांनी, पर्यावरण कर भरलेला पाहिजे, चेसिस नंबर स्वतः घासून वाचायचा. निम्म्या जुन्या बुलेटच्या कागदावर एक मालक आणि सीटवर पाचवा असतो.

एक सुचवतो. माझ्याकडे १९८६ ची कास्ट आयर्न आहे, विकायची नाही. रविवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. दादांना घेऊन ये. तासगाव ते कराड किती लांब आहे?

—

बुलेटराजा_९६

वीस बुलेट हे जरा जास्तच होतंय काका 😄 पण ते जळलेलं हेड बघायला मीपण येऊ का? हल्ली अॅक्सिलरेटर सोडला की माझीपण मागून टाक टाक करते.

—

पान्हा_कराड

ये. तुझ्याच सायलेन्सरवर येऊ नको, गल्लीत माझी आई झोपलेली असते दुपारची.

—

तासगावचा_चाकणात

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय. गेल्या रविवारी जाऊन आलो.

दादा अडुसष्टचे आहेत. नव्या गाडीवर मागे बसून पहिल्यांदाच आले. वाटेत दोनदा म्हणाले, सीट चांगली आहे. आवाजाबद्दल काही नाही.

मेस्त्री काकांनी गाडी बाहेर काढली. दादा आधी तिच्याभोवती एक फेरी मारून आले, हात पाठीमागे बांधलेले, ऊस बघायला गेल्यासारखे. मग म्हणाले, बघू का? काका म्हणाले, बघा की. दादांनी किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्ये आणला, डिकॉम्प्रेशनचा खटका ओढला, किक जरा पुढे सरकवली आणि सोडली. मग एकच पाय मारला. नाही झाली. चप्पल काढून कडेला ठेवली. दुसऱ्या किकला चालू. वीस वर्षांत त्यांनी बुलेटला हात लावलेला नाही!

काका म्हणाले, इथे ऐकू नका, चला. गावाबाहेर मळ्याच्या रस्त्याला आम्ही दोघं उभे राहिलो. काका गाडी घेऊन लांब गेले, अगदी ठिपका झाले. साडेसहा वाजत आले होते. मग वळले आणि यायला लागले. मी काय सांगू, आधी ऐकूच येत नव्हतं, फक्त छातीत काहीतरी वाजतंय असं वाटत होतं. मग हळूहळू, डुग... डुग... डुग. मी परत मोजायला लागलो. दादांकडे बघितलं तर त्यांनी मान खाली घालून डोळे मिटलेले. माझा गळा दाटून आला, म्हटलं आता काहीतरी बोलतील.

म्हणाले, "टॅपेट सैल आहे याचं."

मी म्हटलं, पण आपल्या गाडीचा आवाज असाच होता ना? तर म्हणतात, "छे. आपला सायलेन्सर खालून कुजला होता. पाणी साठून गंज धरायचा. दोनदा पत्रा डकवला, परत भोक. म्हणून तर पायजमे काळे व्हायचे. कारखान्यावर मला लांबूनच ओळखायचे त्या आवाजावरून, लाज वाटायची. पण तेव्हा नवा सायलेन्सर म्हणजे निम्मा पगार. याचा आवाज चांगला आहे. आपली असली कधीच नव्हती."

मी रस्त्यावर उभा राहून हसत होतो आणि दादांना कळेना काय झालं.

तर माझा सायलेन्सर आहे तसाच राहिला. येताना दादांनी शेवटचे पंधरा किलोमीटर माझी गाडी चालवली, गिअर डाव्या पायाला म्हणून दोनदा ब्रेकच्या जागी गिअर दाबला, मी मागे जीव मुठीत धरून. घरी आल्यावर आईला म्हणाले, गाडी गप आहे, बोलता येतं मागच्याशी.

मेस्त्री काका, दादा विचारतायत, तुमची गाडी खरंच विकायची नाही का?

—

पान्हा_कराड

सोमवारी सिलिंडरच्या बाजूचं झाकण काढून बघितलं. एक्झॉस्टचा टॅपेट खरंच सैल होता. तीन महिने रोज चालवतोय, मला ऐकू आलं नाही. दादांना सांग.

गाडी विकायची नाही. कधी वाटलं तर रविवारी येऊन मारून जा म्हणावं, पण चप्पल घालून.